ताकदवान डिझेल गाडीची पुढची चाकं जागेवर का फिरतात, आणि ट्रॅक्शन कंट्रोल नेमकं काय करतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २ लिटर टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र), ताकद पुढच्या चाकांना, हाताचे गिअर, टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर ३८० न्यूटन-मीटर. पाऊस पडून गेला की चौकातून वळून मोठ्या रस्त्याला लागताना पुढची चाकं जागेवर फिरतात, समोर पिवळा दिवा लुकलुकतो, गाडी एकदम मलूल होते आणि नको त्या जागी रेंगाळते. मग अचानक उसळी मारते आणि स्टेअरिंग हातातून ओढलं जातं. चाक जागेवर फिरू लागलं की ते आवरणारी यंत्रणा, म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल, बिघडलंय का, बटण दाबून ते बंदच ठेवावं का, आणि रुंद टायर टाकले तर फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय.

डिझेल इंजिनं आणि गाडीखालची कामं यातच माझी बावीस वर्षं गेली आहेत. ही तक्रार इतक्या वेळा समोर आली आहे की आधी निकाल सांगतो आणि मग कारणं. दिवा लुकलुकतोय याचा अर्थ यंत्रणा काम करतेय. ती बिघडली असती तर दिवा सतत पेटलेला राहिला असता. ती बंद ठेवू नका. रुंद टायरवर खर्च करू नका. तुमच्या गाडीत टॉर्क जास्त आहे हे खरं, पण खरा त्रास तो टॉर्क कोणत्या क्षणी येऊन पोहोचतो याचा आहे, आणि त्यावरचा इलाज टायर, लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश आणि तुमचा उजवा पाय या तीन ठिकाणी आहे.

हे आकड्यांत बघू. अशा गाडीत पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच) मिळून इंजिनाचा टॉर्क साधारण १३ पटीने वाढवतात, दुसऱ्यात ७ पट, तिसऱ्यात साडेचार पटीच्या आसपास. चाकाची त्रिज्या धरा ०.३२ मीटर. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये पूर्ण टॉर्क मिळाला तर पुढची दोन चाकं मिळून रस्त्याला १५,००० न्यूटनच्या वर जोर लावायला बघतात. आता दुसरी बाजू. दीड टनाच्या गाडीत पुढच्या चाकांवर साधारण ९०० किलो भार असतो. गाडी पुढे सुटली की त्यातला काही मागच्या चाकांवर सरकतो. ओल्या रस्त्यावर जेवढा पिकअप मिळू शकतो तेवढ्यातही ९० किलोच्या आसपास भार मागे जातो. उरले ८०० किलो. ओल्या डांबरावर बऱ्या टायरची पकड भाराच्या निम्म्याहून थोडी जास्त धरली तर पुढची चाकं मिळून जेमतेम ४,४०० न्यूटन जोर रस्त्यावर उतरवू शकतात.

आता उलटा हिशेब करा. ४,४०० न्यूटनसाठी इंजिनाकडून किती टॉर्क लागतो? पहिल्या गिअरमध्ये सुमारे ११० न्यूटन-मीटर, दुसऱ्यात २००, तिसऱ्यात ३०० च्या थोडं वर. तुमच्याकडे आहेत ३८०. म्हणजे ओल्या रस्त्यावर पहिल्या तीनही गिअरमध्ये तुमचं इंजिन टायरला हरवू शकतं. हा हिशेब ढोबळ आहे, मधली गळती मी धरलेली नाही, पण प्रत्यक्षात गाडी चालवताना जे जाणवतं त्याच्याशी तो चांगला जुळतो. फोक्सवॅगन गोल्फ जीटीडीसारख्या गाड्यांना नेमका हाच ३८० न्यूटन-मीटर टॉर्क होता, आणि तो १,७५० आरपीएमपासून (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) मिळायचा. टर्बो नसलेल्या २ लिटर पेट्रोल इंजिनाला साधारण २०० न्यूटन-मीटर मिळतो, तोही ४,००० च्या आसपास. त्या गाडीच्या चालकाला टायर सोडवायला इंजिन ओरडवावं लागतं. तुम्हाला नुसतं निघावं लागतं.

कारण १,७५० आरपीएम पहिल्या गिअरमध्ये येतात तेव्हा गाडीचा वेग ताशी १५-१६ किलोमीटर असतो. चौकातून वळून रस्त्याला लागण्याचा अगदी हाच वेग. क्लच सोडताना इंजिन १,००० ते १,२०० वर असतं, टर्बोत अजून हवेचा दाब तयार झालेला नसतो, गाडी जड वाटते. समोरून वाहन येतंय म्हणून तुम्ही ॲक्सिलरेटर आणखी दाबता. इंजिनाला तुमचा तो दुसरा हुकूम पोहोचतो तेव्हा पहिल्या हुकमाचं उत्तर टर्बो द्यायला लागलेला असतो. दोन्ही एकत्र येतात, आणि तेही स्टेअरिंग वळवलेलं असताना.

यात आणखी एक गोष्ट आहे. टायर १,५०० ला सुटला की इंजिनावरचा भार हलका होतो आणि आरपीएम झटक्यात चढतात. साध्या पेट्रोल इंजिनात त्यामुळे टॉर्क फार बदलत नाही. टर्बो डिझेलमध्ये मात्र इंजिन नेमकं जिथे टॉर्क सर्वात जास्त तिथे जाऊन पोहोचतं. चाक सुटल्यामुळेच ते आणखी सुटतं. म्हणून डिझेलमध्ये चाक 'थोडंसं' फिरलं असं क्वचित होतं. ते एकदम सुटतं.

वळताना बाहेरच्या चाकांवर भार जातो आणि आतलं पुढचं चाक हलकं होतं. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं, म्हणजे हलक्या चाकाला जेवढा पेलवतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. आतलं चाक झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर, सांडलेल्या तेलावर किंवा गटाराच्या लोखंडी झाकणावर असेल तर वर काढलेले ११० न्यूटन-मीटरसुद्धा फार होतात. आणि फिरणाऱ्या टायरकडे बाजूची पकड जवळजवळ उरत नाही. टायरची एकूण पकड एकच असते, ती पुढे ढकलण्यात संपली तर वळायला काही शिल्लक राहत नाही. त्यामुळे चाकं फिरत असताना तुम्ही स्टेअरिंग कितीही वळवा, गाडी सरळच जाते. धोका आहे तो इथे. टायर झिजणं ही त्यामानाने किरकोळ गोष्ट.

आता ट्रॅक्शन कंट्रोलकडे येऊ. त्याचं सगळं शरीर एबीएसचं, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं आहे. मर्सिडीज एस-क्लासमध्ये १९७८ साली बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस आलं, तेव्हापासून चाकाचा वेग मोजणारे सेन्सर आणि ब्रेकचा दाब बदलणारे व्हॉल्व्ह गाडीत बसायला लागले. त्यावरच पुढे ट्रॅक्शन कंट्रोल उभं राहिलं, आणि १९९५ मध्ये ईएसपी, म्हणजे वळणात गाडी घसरू लागली की ती सावरणारी यंत्रणा. तुमच्या गाडीची मागची चाकं नुसती ओढली जातात, म्हणून त्यांचा वेग हाच गाडीचा खरा वेग धरला जातो. पुढचं चाक त्यापेक्षा ठरावीक प्रमाणाबाहेर जोरात फिरायला लागलं की यंत्रणा दोन कामं करते. एकच चाक सुटलं असेल तर त्याला ब्रेक लावते, म्हणजे डिफरन्शियलमधून दुसऱ्या चाकाकडे टॉर्क जातो. दोन्ही सुटली असतील तर इंजिनाला टॉर्क कमी करायला सांगते.

लक्षात घ्या, थोडं घसरणं टायरला हवंच असतं. साधारण १० ते २० टक्के घसरताना डांबरावर टायर सर्वात जास्त ओढतो. त्यामुळे यंत्रणा चाक अजिबात फिरू न देण्याचा प्रयत्न करत नाही, ते या मर्यादेत ठेवण्याचा करते. आणि ती चाक सुटल्यावरच जागी होते, कारण सुटल्याशिवाय तिला दिसणार काय?

तुम्हाला जाणवणारी 'मलूल होते आणि मग उसळी मारते' ही गोष्ट इथून येते. डिझेल इंजिनात ताकद कमी करायची तर इंजेक्टरमधून जाणारं इंधन कमी करावं लागतं. ते झटकन होतं. पण टर्बोचं चाक त्या वेळी मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या पुढे फिरत असतं आणि नळ्यांमध्ये दाबलेली हवा भरलेली असते. ती लगेच कुठे जात नाही. चाकं ताळ्यावर आली, यंत्रणेने इंधन परत द्यायला सुरुवात केली, की हवा तयारच असते आणि टॉर्क पुन्हा भरभर चढतो. तुमचा पाय तोपर्यंत पूर्ण दाबलेला असेल तर पुन्हा चाक सुटतं, पुन्हा इंधन कमी, पुन्हा उसळी. अशा वेळी पाय अर्ध्यावर आणा. बहुतेक वेळा गाडी लगेच शांतपणे ओढायला लागते. यंत्रणा आणि तुम्ही एकाच वेळी उलटसुलट मागण्या करत होता, ते थांबतं.

बटण दाबून हे बंद केलं तर 'मलूल' होणं जाईल, पण चाक फिरत राहील आणि गाडी वळणार नाही. शिवाय एक चाक थांबलेलं आणि दुसरं फिरतंय अशा स्थितीत फिरणारं चाक नेहमीच्या दुप्पट वेगाने फिरतं, आणि डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर त्यांच्या पिनवर गरगर फिरायला लागतात. तिथे तेल कमी पोहोचतं. खाल्लेली पिन आणि निळे पडलेले गिअर मी गिअरबॉक्समधून काढले आहेत. आणि फिरणारं चाक एकदम कोरड्या जागेवर आलं की तो धक्का ड्राईव्ह शाफ्टच्या जॉइंटवर बसतो, विशेषतः स्टेअरिंग पूर्ण वळलेलं असताना. ते बटण वाळू, चिखल किंवा खोल बर्फासाठी आहे, जिथे चाक थोडं फिरून खालचं उकरून वर यायला हवं असतं. तिथून बाहेर पडलात की परत चालू करा.

आता तपासणी. टायर आधी बघा, पण नुसती नक्षी बघून सोडू नका. बऱ्याच देशांत कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी पुरते, पण ३ मिलिमीटरच्या खाली गेली की ओल्या रस्त्यावर टायर पाणी बाजूला काढण्यात कमी पडायला लागतो. नखाने रबर दाबून बघा. जुना टायर नक्षी शाबूत असूनही कडक होतो, आणि कडक रबर ओल्या डांबराला धरत नाही. पुढच्या चाकांवर ताकद असलेल्या गाडीत लोक पुढे नवे टायर टाकतात आणि मागे जुने ठेवतात. टायर कंपन्या उलटं सांगतात, चांगले टायर मागे हवेत, कारण ओल्या वळणात गाडीचा मागचा भाग सुटला तर सामान्य चालकाला ती सावरत नाही. मीही तेच सांगतो. तुमच्या गाडीला पुढेही चांगले हवेत, म्हणून अशा गाडीचे चारही टायर एकसारखे, एकाच वेळी बदलणं उत्तम. रुंदीपेक्षा रबर कोणतं आहे ते महत्त्वाचं. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो आणि रस्त्यातल्या प्रत्येक खाचेत स्टेअरिंग ओढतो. टायरवर किंवा त्याच्या लेबलवर ओल्या पकडीची श्रेणी दिलेली असते, ती बघून घ्या. हवा थंड टायरमध्ये मोजा. मायलेजसाठी चार-पाच पीएसआय जास्त भरण्याची सवय या गाडीत महागात पडते.

स्टेअरिंग ओढलं जाणं हा वेगळा मुद्दा, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. इंजिन आडवं बसवलेल्या गाडीत गिअरबॉक्स एका बाजूला येतो, त्यामुळे एक ड्राईव्ह शाफ्ट लांब आणि एक आखूड होतो. जास्त टॉर्कच्या गाड्यांत मधला एक शाफ्ट टाकून दोन्हींची लांबी सारखी केलेली असते. तरीही दोन चाकांची पकड वेगळी असली की स्टेअरिंग एका बाजूला जातंच. थोडं ओढणं स्वाभाविक आहे. पण पूर्वी नव्हतं आणि आता आहे, किंवा चाक फिरताना पुढून धडधड येते, असं असेल तर लोअर आर्मचे मागचे बुश बघायचे.

एक गाडी आठवते. मालकाने दोन वर्षांत दोनदा टायर बदलले होते, अलाइनमेंट तीनदा. तक्रार तीच, पावसात निघताना पुढचा भाग उड्या मारतो. गाडी लिफ्टवर घेतली तर वरवर सगळं ठीक. बुश बाहेरून अख्खा दिसत होता. मग लोखंडी टॉमी आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म जिथे बसतो त्या लोखंडी चौकटीच्या) मध्ये घालून हलका जोर दिला. बुशचं रबर आतल्या नळीपासून अर्ध्या गोलात सुटलेलं होतं, फट उघडून आत चमकणारं लोखंड दिसलं, आणि आर्म माझ्या बोटाच्या रुंदीएवढा पुढे-मागे सरकला. चाक टायरने पकडून पुढे खेचलं जाई, बुश ताणला जाई, टायर सुटला की आर्म झटक्याने मागे येई, आणि हे सेकंदाला कित्येक वेळा. चाक पुढे-मागे सरकलं की त्याची दिशाही बदलते, म्हणून स्टेअरिंग ओढलं जाई. दोन्ही बाजूचे बुश आणि इंजिनाला खालून धरणारं माउंटिंग बदललं. दिवा पावसात अजूनही लुकलुकतो, पण उड्या गेल्या आणि स्टेअरिंग एका हाताने धरता येतं. हे बुश जोडीनेच बदला, आणि बोल्ट शेवटचा आवळताना गाडीचा भार चाकांवर असू द्या. चाकं लटकत असताना आवळले तर नवा बुशही पहिल्या दिवसापासून पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

दिवा कोरड्या रस्त्यावर, अगदी हळू चालताना लुकलुकत असेल तर मात्र संशय सेन्सरवर घ्या. ड्राईव्ह शाफ्टवरची दातेरी रिंग गंजून तडकते, एक दात गेल्यासारखा होतो, आणि यंत्रणेला चाक अचानक जोरात फिरल्याचा भास होतो. हल्लीच्या गाड्यांत रिंगच्या जागी बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकी पट्टी असते. बेअरिंग उलटं बसवलं की सेन्सरला काहीच दिसत नाही. स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकत्र लावून ताशी १० किलोमीटरने सरळ चाला. खोटं बोलणारं चाक लगेच कळतं.

तुमच्या वर्णनातला 'अचानक' हा शब्द मला आणखी एका कारणाने खटकला. टर्बोच्या आत इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराची दिशा बदलणाऱ्या छोट्या पट्ट्या असतात. काजळी साचून त्या अडकतात, वेळेवर उघडत नाहीत, आणि दाब मागितल्यापेक्षा वर जातो. चालक म्हणतो, आधी काही नाही, मग एकदम लाथ मारल्यासारखी. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब हे दोन आकडे स्कॅनरवर शेजारी ठेवून दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये १,२०० पासून पूर्ण दाबून बघा, कोरड्या आणि मोकळ्या रस्त्यावर, शेजारी आकडे बघायला दुसरा माणूस असताना. मिळालेला दाब आधी मागे रेंगाळला आणि मग मागितलेल्याच्या बराच वर उडी मारून गेला तर टर्बो किंवा त्याचा ॲक्च्युएटर (त्या पट्ट्या हलवणारा भाग) बघावा लागेल. ही गाडी फक्त गावात, छोट्या फेऱ्यांना वापरली जात असेल तर शक्यता जास्त.

गाडी सेकंडहँड घेतली असेल तर ती रिमॅप केलेली, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्रॅम बदललेली आहे का हेही शोधा. आजच्या डिझेलचा संगणक सगळा विचार न्यूटन-मीटरमध्ये करतो. ईएसपी त्याला सांगतं, आत्ता १५० पेक्षा जास्त देऊ नको. नीट केलेल्या रिमॅपमध्ये हा हिशेब खरा राहतो. घाईत केलेल्यात टॉर्कचे तक्तेच फसवलेले असतात, इंजिन २०० देतं आणि संगणकाला वाटतं १५० दिले. मग ट्रॅक्शन कंट्रोल कायम एक पाऊल मागे राहतं. अनेक कंपन्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मुद्दाम टॉर्क कमी ठेवतात, ती मर्यादासुद्धा अशा रिमॅपमध्ये काढून टाकलेली सापडते. असं निघालं तर मूळ प्रोग्रॅम परत टाकून आठवडाभर चालवून बघा.

मेकॅनिकल लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल बसवावं का, असं पुढे विचाराल म्हणून सांगून ठेवतो. हेलिकल गिअरवालं डिफरन्शियल अशा गाडीत खरंच सुंदर चालतं. आतलं चाक हलकं झालं की बाहेरच्याला आपोआप जास्त देतं आणि ब्रेक तापत नाहीत. पण त्यासाठी गिअरबॉक्स उघडावा लागतो, आणि एक चाक पूर्ण अधांतरी किंवा बर्फावर असेल तर तेही हतबल होतं. रोजच्या वापराच्या गाडीसाठी मी ते सुचवत नाही.

राहिला पाय. थांब्यावरून निघताना ॲक्सिलरेटर एकदा, थोडा दाबा आणि तिथेच ठेवा. गाडी जड वाटली तरी अर्धा सेकंद वाट बघा, टर्बो येतोच. क्लच पूर्ण सुटल्यावर १,५०० च्या आसपासच दुसरा गिअर घ्या. पहिल्यात ११० न्यूटन-मीटर पेलणारा टायर दुसऱ्यात २०० पेलतो, म्हणजे चूक करायला जवळजवळ दुप्पट जागा मिळते. स्टेअरिंग सरळ होत जाईल तसा पाय वाढवा. रस्त्याला लागायला मोठी फट मिळेपर्यंत थांबा, कारण घाईचा पाय हलका राहत नाही. चढावर आणि डिकीत सामान भरलेलं असताना भार आणखी मागे जातो, तेव्हा हेच अधिक जपून. डिकीत वजन टाकून पकड वाढते हा समज मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा आहे. तुमच्या गाडीत मागच्या चाकांच्या पलीकडे टाकलेलं वजन पुढची चाकं उलट हलकी करतं.

टायर बघायला वाकाल तेव्हा बाजूच्या भिंतीवर डीओटीने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे टिपून घ्या. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यातला. चारही टायरचे आकडे आणि तिसऱ्या गिअरमधले दाबाचे दोन आकडे मला कळवा. टायर जुने झालेत की टर्बो अडकतोय, हे त्यावरून बऱ्यापैकी सांगता येईल.